चिऱ्याच्या जुन्या घरातल्या ऑफिससाठी स्वस्तातले वायफाय एपी कोणते घ्यावेत? (फोंडा)

तिस्ककर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. फोंड्यात जीएसटी आणि अकाउंट्सचं ऑफिस आहे. जागा म्हणजे जुनं कौलारू घर. मध्ये राजांगण, चारही बाजूंनी खोल्या. बाहेरच्या भिंती चिऱ्याच्या, जवळजवळ दोन फुटी. आतल्या फूट-सव्वा फूट. एकूण लांबी २४ मीटर, रुंदी १५. माणसं १४, म्हणजे लॅपटॉप आणि मोबाइल धरून ३० च्या आसपास उपकरणं, शिवाय दोन प्रिंटर. टॅलीचा डेटा एका पीसीवर आहे आणि बाकीचे वायफायवरून तो उघडतात.

फायबर २०० एमबीपीएस. ओएनटी (फायबर जिथे येतं तो डबा) बाल्कांवाला, म्हणजे दारापुढच्या ओट्याला, लागून असलेल्या पुढच्या खोलीत. तिथे १८० पर्यंत स्पीड येतो, राजांगणापलीकडे मागच्या खोलीत ५ ते ७, आणि जून लागला की तेही नाही. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला मागच्या खोलीतली मंडळी लॅपटॉप घेऊन पुढे येऊन बसतात.

दुकानदार तीन डब्यांचा मेश संच सुचवतोय, "तार लागत नाही" म्हणून. बजेट तारेसकट २५ हजार. मेश घ्यावा की एपी (ॲक्सेस पॉइंट, तारेतून आलेलं नेट वायफायने पसरवणारा डबा)? वायफाय ५ पुरेल की ६ च हवं? किती नग, कुठे लावायचे? येणाऱ्या अशिलांसाठी वेगळं वायफायही हवंय. आणि परसात १५ मीटरवर मांगर आहे, तिथे जुन्या फाइली ठेवतो, एक माणूस स्कॅनिंगला बसतो. तिथेही नेट न्यायचं आहे.

---

चिरेखाण

तिस्ककर, आधी मेशचं. मेशमधले डबे एकमेकांशी हवेतूनच बोलतात. दुसरा डबा दोन फुटी भिंतीपलीकडे ठेवलात तर त्याच्याच वाट्याला पाच-सात एमबीपीएस येणार, आणि तेच तो पुढे वाटणार. मोबाइलवर कांड्या पूर्ण, स्पीड होता तिथेच. शिवाय स्वस्त संचात डब्या-डब्यांतलं बोलणं आणि लॅपटॉपशी बोलणं एकाच रेडिओवर चालतं, त्यामुळे दर टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. तार घालून जोडला तर मेशही नीट चालतो, पण तार घालायचीच असेल तर एपी का नको?

पैसे खर्च करण्याआधी भिंत मोजा, फुकट होतं. मोबाइलवर वायफायची ताकद डीबीएममध्ये (आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला) दाखवणारं कुठलंही अ‍ॅप घ्या आणि फोन ५ गिगाहर्ट्झवरच जोडला आहे हे बघा. ओएनटी असलेल्या खोलीत भिंतीपासून हातभर अलीकडे उभं राहून आकडा लिहा, मग त्याच रेषेत भिंतीपलीकडे हातभर जाऊन लिहा. दोन्हींतला फरक म्हणजे ती भिंत खाते तेवढा सिग्नल. मग दार उघडं ठेवून आणि लावून पुन्हा बघा. तुमच्याकडे बराचसा सिग्नल भिंतीतून नाही, दारांतून आणि राजांगणातून जात असणार. पावसात तो कमी होतो त्याचं कारणही चिऱ्यात आहे. चिरा सच्छिद्र, पाणी पितो, आणि ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त सिग्नल खाते. म्हणून मे महिन्यात मोजलेल्या आकड्यावर विसंबून जागा ठरवू नका, १० डीबी हातचे राखा.

काम नीट चालायला टेबलावर उणे ६५ ते उणे ६७ डीबीएम हवेत. उणे ७५ च्या खाली गेलात की व्हिडिओ कॉल आणि पोर्टलवरचं अपलोड दोन्ही रडतात.

१५ बाय २४ मध्ये, मध्ये उघडं राजांगण असताना, दोन एपी बहुतेक पुरतात: एक पुढच्या मोठ्या खोलीत, एक मागच्या. दोन्ही माणसं बसतात त्या खोलीत, छताला. ओसरीत किंवा पॅसेजमध्ये नकोत. पॅसेजमधला एपी पॅसेजला झकास सिग्नल देतो आणि प्रत्येक खोलीला भिंतीतून गाळलेला. डाव्या-उजव्या बाजूच्या खोलीत कुणी कायम बसत असेल तर तिसरा लागेल, पण तो आज विकत घेऊ नका. तार मात्र आजच ओढून ठेवा.

आणि एक. लाकडी तक्तपोशीच्या वर, कौलांखाली लपवायचा मोह होतो, दिसायला बरं वाटतं म्हणून. स्वस्तातल्या बऱ्याच एपींना साधारण ४० अंशांपर्यंतच चालण्याची हमी असते. एप्रिल-मेमध्ये दुपारी कौलांखालचा माळा त्याहून तापतो. वर उंदीरही असतात. तक्तपोशीच्या खालीच लावा.

---

अल्तिनो_नेट

मॉडेलांचं मी सांगतो.

वायफाय ५ तुम्हाला पुरतं. दोन अँटेनांचा वायफाय ५ एपी ८० मेगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएसची लिंक देतो, जवळून खरे ४००-५०० मिळतात, आणि तुमची लाइनच २०० ची आहे. वायफाय ६ चा फायदा एकाच वेळी बरीच उपकरणं बोलायला लागली की दिसतो. दोन एपींवर ३० उपकरणं ही काही गर्दी नव्हे. पण किमतीतला फरक थोडाच असेल तर ६ घ्या, कारण एपी पाच-सहा वर्षं छतावरून उतरत नाही. खोक्यावरच्या 'एसी१३५०' किंवा 'एएक्स१८००' वर जाऊ नका. ती दोन्ही बँडांची (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) बेरीज असते, एका लॅपटॉपला तेवढं कधीच मिळत नाही. एएक्स३००० छापलंय म्हणून चिऱ्याची भिंत पातळ होत नाही.

तुमच्या बजेटात बसणारे:

टीपी-लिंक ओमाडा ईएपी२२५. वायफाय ५, गिगाबिट पोर्ट, ८०२.३एएफ पीओईवर (नेटच्याच तारेतून वीज देण्याची पद्धत) चालतो. यात सगळ्यात स्वस्त आणि कामाला चोख. त्याच घराण्यातला ईएपी११० त्याहून स्वस्त दिसेल, पण त्यात फक्त २.४ गिगाहर्ट्झ आणि पोर्ट १०० एमबीपीएसचा. तो घेऊ नका.

ईएपी६१०. वायफाय ६, पण हा ८०२.३एटी म्हणजे पीओई प्लस (जास्त वीज देणारी पद्धत) मागतो. स्विच घेताना हे ध्यानात ठेवा.

युनिफाय यू६ प्लस. दोन्ही बँडांवर वायफाय ६, 'एएफ' वर चालतो, सॉफ्टवेअर देखणं. खोक्यात पीओई इंजेक्टर (तारेत वीज सोडणारा अडॅप्टर) नसतो. यू६ लाइट कुठे जुन्या मालात मिळाला तर त्याचा २.४ बँड अजून वायफाय ४ वरच आहे हे माहीत असू द्या.

अरुबा इन्स्टंट ऑन एपी११. वायफाय ५, 'एएफ', क्लाउडवरून चालवायचा, त्याचं वर्गणीशुल्क नाही. मांडणी करताना मात्र इंटरनेट चालू लागतं.

मिक्रोटिक कॅप एएक्स किमतीच्या मानाने उत्तम माल आहे. पण ऑफिसात नेटवर्कचं जाणणारा कुणी नसेल तर नको. एक चुकीची टिक आणि सगळं बंद.

तुमच्या जागी मी दोन ईएपी२२५ किंवा दोन यू६ प्लस यांतून निवड करेन. बजेट तारेसकट २५ असेल तर पहिला पर्याय. अंदाजे निम्मे पैसे एपींना, उरलेले स्विच, तार, मजुरी आणि यूपीएसला. एक भारी आणि एक हलका असं मिसळू नका. दोन कंपन्यांचे तर अजिबात नको, एका जागेवरून दोघांची सेटिंग होत नाही.

ओमाडा कंट्रोलर (सगळे एपी एका जागेवरून सांभाळणारं) सॉफ्टवेअर फुकट आहे, ऑफिसातल्या एखाद्या पीसीवर बसतं. सेटिंग करून झाल्यावर पीसी बंद केला तरी वायफाय चालू राहतं. अशिलांसाठी लॉगिनचं पान दाखवायचं असेल तरच कंट्रोलर कायम चालू हवा. कंट्रोलरशिवाय प्रत्येक एपी सुटासुटाही चालतो, पण मग ८०२.११के/व्ही/आर ची (एका एपीवरून दुसऱ्यावर पटकन सरकण्याची) सोय जाते आणि पासवर्ड बदलायचा तर दोनदा बदला.

---

तिस्ककर

सविस्तर उत्तरांबद्दल दोघांचेही आभार. दोन शंका. सीसीटीव्हीवाल्याने बसवलेला पीओई स्विच आहे, त्यात दोन पोर्ट रिकामे आहेत. एपी त्यातच लावले तर? आणि तार कुठली घ्यायची, किती?

---

तारजोडणी_म्हापसा

सीसीटीव्हीचा स्विच आधी उलटा करून लेबल वाचा. कॅमेऱ्यांसाठीचे स्वस्त स्विच बहुतेक १०० एमबीपीएसचे असतात, म्हणजे २०० च्या लाइनला तिथेच ९४ च्या आसपास गळफास. काही तर उपकरण विचारो न विचारो, वीज ढकलत बसतात. लेबलवर ८०२.३एएफ किंवा एटी लिहिलेलं नसेल तर एपी त्याला लावू नका. कॅमेरे तिथेच राहू द्या, एपींना वेगळा गिगाबिट पीओई स्विच घ्या. पाच पोर्टांचा, त्यात चार पीओई, एकूण ६० वॉटच्या आसपास, एवढा बास. 'एएफ' मध्ये स्विच दर पोर्टला १५.४ वॉटपर्यंत देतो, 'एटी' मध्ये ३०. टीपी-लिंकचा घेत असाल तर नावात 'एसजी' बघा, 'एसएफ' नव्हे. एसएफ म्हणजे १०० एमबीपीएस, आणि दुकानात दोन्ही शेजारी-शेजारी असतात.

तार कॅट६, शुद्ध तांब्याची. बाजारात सीसीए नावाची तार निम्म्या भावात मिळते: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तिचा रोध तांब्याच्या जवळजवळ दीडपट, त्यामुळे पीओईची वीज वाटेतच उष्णता होऊन जाते आणि भार वाढला की एपी आपोआप रीस्टार्ट होतो. लोक एपीला शिव्या देतात, दोष तारेचा. ओळखायची कशी? एक बारीक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत रुपेरी दिसलं तर सीसीए, लाल-तांबूसच राहिलं तर तांबं. दुकानदार खरवडू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

लांबी: ओएनटीपासून पुढचा एपी धरा १२ मीटर, मागचा भिंतीच्या कडेने वळणं घेत ३५-४०, तिसऱ्या जागेची राखीव तार २५. प्रत्येक टोकाला दोन मीटर जास्त सोडा. म्हणजे ८५-९० मीटर. ३०५ मीटरचं पूर्ण खोकं लागत नाही, सुटी मीटरवर घ्या. मर्यादा १०० मीटरची आहे, तुम्ही खूप आत आहात.

चिऱ्यात भोक पाडताना: दोन फुटी भिंतीला ६०० मिलिमीटरहून लांब बिट लागतो, जाडीला १६ किंवा २० मिलिमीटरचा. भोक सांध्यात नको. जुन्या घरांत सांधा मातीचा असतो, तो ढासळतो आणि बिट वाकडा जातो. दगडाच्या मध्यावर पाडा, हॅमर कमी ठेवून. बाहेरच्या भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवा, नाहीतर आषाढात तारेच्या वाटेने पाणी आत. त्यात पीव्हीसी नळी घाला, तार नळीतून न्या, आणि बाहेर तारेला खाली एक झोळ द्या म्हणजे थेंब झोळावरून गळतो. नळीची तोंडं सिलिकॉनने बंद करा, नाहीतर मुंग्या घर करतात. चिऱ्यात छोटा प्लास्टिक प्लग धरत नाही, सच्छिद्र दगडात तो फिरतो. लांब प्लग किंवा लाकडी गुटका ठोकून त्यावर पट्टी.

विजेच्या वायरीला समांतर नेऊ नका, वीतभर तरी अंतर. ओलांडायचीच तर काटकोनात.

दोन्ही टोकांना एकच क्रम, टी५६८बी: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. आठांपैकी निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसली नाही तर सगळं चालू दिसतं, पण लिंक १०० वर उतरते. म्हणून प्लग क्रिम्प करून (दाबून बसवून) झाल्यावर आठही दिवे दाखवणारा टेस्टर लावूनच घ्या.

टॅलीचा डेटा असलेला पीसी आणि दोन्ही प्रिंटरही तारेवर आणा. डेटा लिहिताना मध्येच लिंक तुटली तर फाइल बिघडू शकते, आणि ती २० तारखेलाच बिघडते.

---

चिरेखाण

मांगराचं राहिलं. तिथे तांब्याची तार नेऊ नका. उघड्यावरून १५ मीटर तांबं म्हणजे मृगाच्या आधीच्या आणि ऑक्टोबरच्या विजांना आमंत्रण. थेट पडायला नको, जवळपास पडली तरी तारेत दाब उसळतो आणि एपी, स्विच, कधीकधी ओएनटी एका फटक्यात जातो. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असेल तर आणखी वाईट.

सिंगल मोड फायबर आणि दोन गिगाबिट मीडिया कन्व्हर्टर (फायबर साध्या नेटच्या तारेला जोडणारे डबे), एवढ्यात काम होतं. एका धाग्यावर चालणारे कन्व्हर्टर 'ए' आणि 'बी' अशा जोडीने येतात, एक १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर पाठवतो आणि दुसरा १५५० वर. दोन्ही 'ए' आणलेत तर लिंक कधीच लागणार नाही. ड्रॉप फायबरमध्ये आधाराला पोलादी तार असते, ती नसलेली एफआरपीवाली (काचतंतू-प्लास्टिकच्या आधाराची) मागा, नाहीतर धातू पुन्हा आलाच. मांगरात एकाच माणसाला स्कॅनिंग करायचं असेल तर तिथे एपीही नको, कन्व्हर्टरमधून थेट लॅपटॉपला तार.

---

अल्तिनो_नेट

सेटिंग. निम्म्या तक्रारी इथल्याच असतात.

ओएनटीचं स्वतःचं वायफाय बंद करा, नाहीतर पुढच्या खोलीतले मोबाइल त्यालाच चिकटून बसतात. डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटणारी सोय) एकाच ठिकाणी, ओएनटीवर. 'एपी' म्हणून जुना राउटर वापरत असाल आणि त्यातही डीएचसीपी चालू राहिला तर दोन जाळी तयार होतात. मग नेट चालतं पण प्रिंटर दिसत नाही, आणि सगळे प्रिंटरवाल्याला बोलावतात.

२.४ गिगाहर्ट्झ: एक एपी चॅनेल १ वर, दुसरा ११ वर, रुंदी २०. ४० कधीही नाही. ५ गिगाहर्ट्झ: एक ३६, दुसरा १४९, रुंदी ४० किंवा ८०. मधले ५२ ते १४४ डीएफएसचे आहेत. तिथे रडार ऐकू आलं की एपीला चॅनेल सोडावा लागतो, आणि त्या पट्ट्यातला दुसरा चॅनेल घ्यायचा तर किमान ६० सेकंद नुसतं ऐकत बसावं लागतं. दोन एपींना त्या वाटेला जायची गरजच नाही.

पॉवर 'ऑटो' किंवा 'हाय' वर ठेवू नका. एपी ओरडतो म्हणून लॅपटॉपचा आवाज वाढत नाही. लॅपटॉपला एपी ऐकू येतो, एपीला लॅपटॉप नाही, आणि कांड्या पूर्ण असून पान उघडत नाही. २.४ वर ८ ते ११ डीबीएम, ५ वर १७ च्या आसपास ठेवून सुरुवात करा, मग टेबलावर मोजून वाढवा. तुमच्या जाड भिंतींमुळे ५ वर १९-२० लागू शकतात. पॉवर कमी ठेवली की उठून मागच्या खोलीत गेलेला लॅपटॉप पुढच्या एपीला धरून बसत नाही. कुठल्या एपीला जोडायचं हे शेवटी लॅपटॉपच ठरवतो, एपी फक्त सुचवतो.

वायफायची नावं दोनच: ऑफिस आणि पाहुणे. प्रत्येक नावाची दवंडी एपीला सतत पिटावी लागते, पाच नावं केलीत तर हवेतला वेळ त्यातच जातो. पाहुण्यांच्या नावाला ओमाडात 'गेस्ट नेटवर्क' ची टिक करा, त्यावरून ऑफिसातले पीसी दिसत नाहीत. दर उपकरणाला ५ एमबीपीएसची मर्यादा घाला. स्टाफने आपले मोबाइल चुकून पाहुण्यांच्या नावावर जोडले तर "मोबाइलवरून प्रिंट जात नाही" अशी ओरड होणार, ते तसंच अपेक्षित आहे.

सुरक्षेला डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा. एखादं जुनं उपकरण तरीही जोडलं गेलं नाही तर त्या नावाला नुसतं डब्ल्यूपीए२ करा. जुने वायफाय प्रिंटर फक्त २.४ वर चालतात, तेवढ्यासाठी २.४ पूर्ण बंद करू नका.

---

तारजोडणी_म्हापसा

विजेचं कुणी बोललं नाही. ओएनटी, पीओई स्विच आणि फायबर कन्व्हर्टर एकाच ६०० व्हीए यूपीएसवर घ्या. एपींना वीज स्विचमधूनच जाते, त्यामुळे छताजवळ वेगळा प्लग लागत नाही, हा पीओईचा खरा फायदा. एकूण भार ५० वॉटच्या आत राहतो, बॅटरी नवी असेपर्यंत पाऊण तास ते तासभर निघतो. इन्व्हर्टर असेल तर तो 'यूपीएस' मोडवर हवा. साध्या मोडवर बदल होताना क्षणभर वीज तुटते, स्विच रीस्टार्ट होतो आणि सगळ्यांचं नेट दोन-तीन मिनिटं गायब.

कारागिराचे पैसे चुकते करण्याआधी त्याच्यासमोर दोन गोष्टी बघा. कंट्रोलरमध्ये दोन्ही एपींची लिंक १००० एमबीपीएस दाखवते का. आणि सगळी दारं लावून, मागच्या कोपऱ्यातल्या शेवटच्या टेबलावर फोन ठेवून, ५ गिगाहर्ट्झवर किती डीबीएम येतात. लिंक १०० दाखवत असेल तर टोक कापून पुन्हा क्रिम्प करून घ्या, तार बदलायची गरज सहसा पडत नाही.